बोर्डिंगच्या भाजीचा लाखोटा

१ एप्रिल १९६३, सोमवार. दुपार.

आजपासून रोज लिहायचं. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी वही दिली त्याला वरीस होत आलं, कोरीच पडली होती. आता लिहायला कारण घडलंय. बोर्डिंगच्या दाराला नोटीस लागली. पोरांच्या जेवणाला वर्षभर रोजची भाजी कोण घालणार, त्याचं टेंडर भरा. जूनपासून. मी अक्षर अक्षर लावून वाचली आन् घरी येऊन उंबऱ्यातच बसले. थोडी गुडघ्यानं, थोडी आनंदानं.

बाळ दोन महिन्यांचं झालं. सून मुक्ता बाळंतपणाला वरवंडला माहेरी गेली ती अजून तिथंच. लेक पोपट दौंडला रेल्वेच्या शेडात इंजनाची काजळी पुसतो. तिघं दोन वाटांना, आन् मी इथं तळेगावात एकटी वांग्यांशी बोलत बसलेली. हे टेंडर मिळालं की पोपट नोकरी सोडून घरी येणार, रोज पहाटे भाजीची गाडी जुंपणार, मुक्ता चुलीशी, बाळ माझ्या मांडीवर. ठरलं.

पोपटला अजून विचारलं न्हाई. त्यात विचारायचं काय.

३ एप्रिल, बुधवार.

काल लिहायचं राहिलं. मोटेवर पाणी धरलं होतं. रोज म्हंजी दिवसाआड असं धरून चालू.

आज बोर्डिंगात आप्पांनी नोटीस सगळ्यांना वाचून दाखवली. आप्पा बोर्डिंगचे सेक्रेटरी. शिरूरच्या कोर्टात नाझर होते, पेन्शनीत आले तरी कोर्ट त्यांच्यातनं गेलं न्हाई. लग्नाच्या पंगतीत बसले तरी साक्ष द्यायला बसल्यासारखे ताठ. रूल पुष्कळ होते. लाखोटा बंद पाहिजे. तीस तारखेला दुपारी बाराच्या टोल्याच्या आत पेटीत पडला पाहिजे. निदान तीन टेंडरं आली पाहिजेत, न्हाईतर नोटीस रद्द. पुढचे रूल चालू असताना माझं मन बाळाच्या जावळाकडं गेलं. वरवंडला जावळ काढायचं का इथं? इथंच काढायचं. परत ध्यान दिलं तवा आप्पा चष्मा पुसत होते. बाकीचे रूलही तसलेच असणार.

मग आप्पा म्हणाले, नुसते भरणाऱ्यांनीच नियम पाळायचे असं न्हाई. टेंडर मागवलं म्हंजी आमच्यावरबी ड्युटी आली. सगळ्यांना एकच माप. एकाचा आकडा दुसऱ्याला कळू द्यायचा न्हाई. उशिरा आलेला घ्यायचा न्हाई. सगळ्यांच्या समोर फोडायचा. एकाला सवलत आन् दुसऱ्याला नकार, असं केलं तर कोर्टात आम्हालाच उभं केलं पाहिजे. हे बोलताना आप्पा सारखे माझ्याकडं बघत होते. माझ्यावर अन्याय व्हायचा न्हाई हे नक्की झालं. म्हंजी टेंडर मलाच.

पोपटला कार्ड टाकलं. राजीनामा दे एवढंच लिहिलं, जागा पुरली न्हाई.

७ एप्रिल, रविवार.

पोपटचं उत्तर आलं. लिहितो, नोकरी परमनंट झाली. क्वार्टर मिळालं. मेच्या शेवटाला मुक्ताला आन् बाळाला थेट दौंडला नेणार. तू भाजीच्या भानगडीत पडू नको. तब्येतीला जप.

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. तब्येतीला जप. मुलगा आईसाठी झुरतोय, पण बोलायला लाजतो. त्याचा बापबी असाच. रागावला की भूक न्हाई म्हणायचा आन् मग मडक्यातलं दही संपवायचा.

गुडघ्याला एरंडाचं पान बांधलं. उद्यापासून पहाटे उठून वांग्यांची आळी करायची.

११ एप्रिल, गुरुवार.

पहाटे उठणं झालं न्हाई. उन्हाळा फार हाय.

अडचण निघाली. टेंडर भरणारे दोघंच. एक मी. दुसरा दादा, बोर्डिंगचे चेअरमन भिमाजी आबा, त्यांचा मेव्हणा. त्याला मेथी आन् शेपू यातलं अंतर कळत न्हाई, पण मेव्हणा हाय. तिसरा न्हाई मिळाला तर नोटीस रद्द आन् माझं बाळ दौंडला.

म्हणून इमामबीकडं गेले. आमची दारं समोरासमोर. ती बाजारात भाजी विकते आन् तिचा सुभान गाडी हाकतो. तिला म्हणाले, तू एक टेंडर टाक, नुसतं नावाला, तीनाची भर करायला. माझा आकडा असा असा हाय, तू त्याच्या वरचा कुठलाबी टाक. तर इमामबीनं पदरानं दोन्ही कान झाकले. म्हणाली, या अल्ला, साखरे, सांगू नको गं. आप्पांनी सांगितलंय, एकीचा आकडा दुसरीला कळता कामा न्हाई. मी म्हणाले, चाळीस वर्सं तुझ्या चुलीतला विस्तव माझ्या चुलीत आन् माझ्या विरजणाचं दही तुझ्या घरात, आन् आता आकडा लपवायचा? ती म्हणाली, विस्तव येगळा, टेंडर येगळं. आन् भरायचं तर खरं भरीन. खोटं भरायला माझा सुभान काय बुजगावणं हाय?

भरते म्हणाली हे महत्त्वाचं. खरं-खोटं तिचं ती बघंल. बिचारीला हिशेब कुठं येतो.

१६ एप्रिल, मंगळवार. वरवंड.

बाळाला बघायला आले. यष्टीत दोन ठिकाणी उभी राहून आले, कंबर गेली. पण बाळ बघितलं आन् कंबर आली.

काय सांगू. कपाळ आमच्या ह्यांचं. हनुवटी माझी. रडणं तेवढं मुक्ताच्या आईचं. माझं बोट धरलं ते सोडंना. मला बघून हसलं. मुक्ताची आई म्हणाली, पोटात वात असला की हसतंय तसं. तिला पोरांचं कळत न्हाई. सहा वाढवली तरी कळलं न्हाई.

बारशाला मी आग्रह धरून ह्यांचंच नाव ठेवायला लावलं होतं. त्याचा आता घोटाळा झालाय. नवऱ्याचं नाव मला तोंडानं घेता येत न्हाई, लिहिताबी येत न्हाई. म्हणून सगळे त्याला नावानं हाक मारतात, आन् ज्या बाईनं नाव ठेवलं ती ए ठोंब्या म्हणते.

मुक्ताला टेंडरचं सांगितलं. ती म्हणाली, आत्याबाई, क्वार्टरला नळ हाय. घरात. मी म्हणाले, नळाचं कौतुक चार दिवस. ती म्हणाली, विहिरीचं कौतुक मी चार वर्सं केलंय. हसून म्हणाली म्हणून मी मनावर घेतलं न्हाई. मनातनं तिला घरीच यायचंय.

आकडा मुक्ताच्या घरी सगळ्यांना आवडला. यष्टीच्या कंडक्टरलाबी आवडला. म्हणाला, मावशी एवढ्या स्वस्तात कोण देतंय. घरी गेल्यावर आपल्या आळीतबी सांगायचा. लोकांचा आधार लागतो.

वहीत मात्र आकडा लिहायचा न्हाई. लाखोटा म्हंजी लाखोटा.

२० एप्रिल, शनिवार.

आप्पांच्या घरी टोपलीभर कवळी वांगी दिली. लाच न्हाई. वानोळा. माळवं निघालं की चार घरी द्यायचं ही रीत हाय. संध्याकाळी त्यांची बायको टोपली परत घेऊन आली. म्हणाली, हे म्हणतात, टेंडर उघडंस्तोवर भरणाऱ्याच्या घरची काडी या घरात यायची न्हाई. इमामबीची कोथिंबीरबी परत केली म्हणं.

आप्पांना वांगं चालत नसंल. खाज सुटते काहींना. उद्या गवार देते.

२१ एप्रिल, रविवार.

गवारबी परत. शेळीनं खाल्ली. शेळीला काही खाज सुटली न्हाई.

थकले आज. लिहायला तेल जाळायचं आन् लिहायचं काय तर गवार.

२६ एप्रिल, शुक्रवार. आखाजी.

मुहूर्त बघून आजच टेंडर लिहिलं. साडेतीन मुहूर्तातला एक, आज लावलेलं सरत न्हाई.

स्वतःच्या हातानं लिहिलं. वांगी, गवार, मेथी, भोपळा. जोडाक्षर आलं की हात थांबतो, म्हणून कोथिंबीर शेवटी लिहिली. आकडा मांडताना विचार आला. बाळ घरी आलं की दुधाला गाय लागंल. पोपटची तलफ, त्याचं चहापाणी. मुक्ताला नळाची सवय मोडायला काहीतरी लाडीगोडी लागंल. म्हणून गावात सांगितला त्याच्यावर थोडा वाढवून लिहिला. थोडाच. कुणाला कळतंय, बंदच हाय.

लाख तापवून लाखोटा बंद केला. देवापुढं ठेवला. चारी कोपऱ्यांना हळद लावली, मधी कुंकवाचं बोट टेकलं. शुभकार्याचा कागद कोरा कसा पाठवायचा? माझ्या लग्नाच्या देण्याघेण्याची याद अशीच गेली होती, पोपटच्या लग्नाची गेली. कोरा कागद फक्त मयताचा जातो.

बघतच राहावं असा दिसत होता. इमामबीला दाखवला. ती म्हणाली, साखरे, एवढा नटवलायस, ह्याला मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या. तिचा तिनं साधा टाकला. तिचं काय जातंय.

३० एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

सगळं सांगायचं म्हंजी दम लागतो, पण सांगते.

बोर्डिंगच्या पडवीत सगळं गाव. पेटी मधी, आप्पा खुर्चीवर, भिमाजी आबा तक्क्याला. बारा टोले पडले. आप्पांनी पेटीवर हात ठेवला. तेवढ्यात दादा धावत आला, हातात लाखोटा, म्हणाला सायकल पंक्चर झाली. आबा म्हणाले, असू द्या, दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय, घ्या.

मी उभी राहिले. एवढ्या बाप्या माणसांत मी पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, आभाळ न्हाई कोसळत, पण रूल कोसळतोय. माझे गुडघे असले, तरी मी चार दिवस आधी टाकून आले. नियम म्हंजी नियम. त्यात मेव्हणा-पाव्हणा न्हाई. बायकांनी माना हलवल्या. आप्पा म्हणाले, बाई बरोबर बोलतात. दादाचा लाखोटा त्यांनी परत त्याच्या हातात दिला, न फोडता. आबांचं तोंड कारलं झालं.

मला वाटलं, आता झालंच. घरी जाऊन पाळण्याची दोरी बदलायची.

आप्पांनी पेटी उघडली. दोनच लाखोटे. माझा वर काढला आन् थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नोटिशीतला एक रूल वाचला. लाखोट्यावर नाव, खूण किंवा कोणाचा आहे हे ओळखू येईल असं चिन्ह नसावं. असल्यास टेंडर बाद.

हा रूल त्यांनी त्या दिवशी वाचला असंल तर जावळाच्या वेळी वाचला असणार.

मी म्हणाले, आप्पा, ती खूण न्हाई, ती हळद हाय. दादा मागनं म्हणाला, मावशी, नियम म्हंजी नियम. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. सगळे हसले. मेल्याला नक्कल येते हे मला ठाऊक नव्हतं.

मग इमामबी उठली. भाबडी बाई. म्हणाली, आप्पा, फोडा की. तिचाच हाय हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. आप्पा म्हणाले, म्हणूनच फोडता येत न्हाई. मग माझ्याकडं बघून हळू बोलले. साखरबाई, दादाचा घेतला असता तर तुमचा घेतला असता. त्याला जे माप लावलं तेच तुम्हाला लावतो. ते मापबी आत्ता तुम्हीच माझ्या हातात दिलंत. लाखोटा माझ्या हातात दिला. न फोडता.

इमामबीचा फोडला. आकडा मोठ्यानं वाचला. आणि सगळी पडवी चुकचुकली. कारण मी गावात सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो जरा जास्त होता. कुणीतरी म्हणालं, अरेरे, साखरबाईचाच कमी होता. हळदीनं घात केला. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी लाखोटा पदराखाली घेतला.

आबा म्हणाले, एकच टेंडर राहिलं, नोटीस रद्द करा, परत मागवा. मीबी व्हय म्हणाले. दादाबी व्हय म्हणाला. आप्पा न्हाई म्हणाले. नोटिशीत तीन यावीत असं हाय, तीन आली; बाद झाली ती आल्यावर बाद झाली. आता हिचा आकडा साऱ्यांनी ऐकलाय. परत मागवलं तर तुम्ही सगळे तिच्या आकड्यावर पाय देऊन उभे राहाल. तिनं विश्वासानं भरलंय, तिच्याशीबी आमची काही ड्युटी हाय का न्हाई?

इमामबीला मिळालं. ती रडत होती. मिळाल्यावर कोण रडतं.

१ मे, बुधवार.

अंग मोडून आलंय. पडून लिहिते. आळीतल्या बायका येऊन गेल्या. सगळ्यांचं एकच, अन्याय झाला, तुमचाच कमी होता. मी काही बोलत न्हाई. मोठ्या मनानं गप्प राहते.

कोर्टात जायचं ठरवलं. आप्पाच म्हणाले होते, कोर्टात आम्हालाच उभं केलं पाहिजे.

७ मे, मंगळवार. शिरूर.

वकिलाला भेटले. तरणाबांड हाय. सगळं ऐकून घेतलं आन् विचारलं, नोटीस सगळ्यांसमोर वाचली का? व्हय. उशिराचा परत दिला का? व्हय. तुमचा न फोडता परत दिला का? व्हय. टेंडराबरोबर भरलेली अनामत परत मिळाली का? व्हय. तो म्हणाला, आजी, मग त्यांनी तुमच्याशी असलेली ड्युटी तर पुरी पाळली. मी तुमच्याकडनं उभा राहिलो तर समोरच्याचं भाषण मलाच करावं लागंल.

लाखोटा बघू म्हणाला. म्हणाला, फोडून बघू का, खरंच कमी होता का ते. मी पिशवीत घातला. म्हणाले, घरी देवापुढं ठेवायचाय.

त्याला कायदा येत न्हाई. परत येताना यष्टी पंक्चर. दादा आठवला.

२२ मे, बुधवार.

मधी पंधरा दिवस लिहिलं न्हाई. लिहिण्यासारखं घडलं न्हाई. नुसती वांगी पिकली.

आज इमामबी आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, बोर्डिंगला एवढी भाजी माझ्या एकटीच्यानं व्हायची न्हाई. तुझी वांगी दे, तुझी गवार दे, सुभान दारातनं घेऊन जाईल. बाजारापेक्षा बरा भाव देईन. मी म्हणाले, मी काय तुझा गडी हाय? ती म्हणाली, न्हाई गं, तू माझी साखरी हाय. मग मी विचारलं, त्या दिवशी माझा आकडा ऐकला होतास का? ती म्हणाली, शपथ, कान झाकले होते. थोडा आला पदरातनं. म्हणून तर त्याच्या खाली न्हाई गेले. तुझाच खरा कमी होता, साखरे. मला झोप लागत न्हाई.

मी तिला चहा दिला. सांगायला हवं होतं असं एकदा वाटलं. चहा उतू गेला तवा विसरले.

गवार दिली. वांग्यांचं बघू म्हणाले.

२९ मे, बुधवार.

पोपटचं कार्ड. मुक्ताला आन् बाळाला वरवंडहून दौंडला नेलं. तळेगाववरनं जाण्यात फेरा पडतो म्हणं.

पाळण्याची दोरी बदलून ठेवली होती. तिला मिरच्या वाळत घातल्या.

९ जून, रविवार. दौंड.

पोपट न्यायला आला आन् मी आले. आठ दिवस राहायचं म्हणाला. टेंडरचं त्यानं काही विचारलं न्हाई. मीच म्हणाले, तुझ्यासाठीच भरलं होतं. तो म्हणाला, आई, मी येणार नव्हतोच, तीन कार्डांत तेच लिहिलं होतं. मुक्तानं मधीच भाकरी वाढली. नळ खरंच घरात हाय. रात्री पिळून बंद केला तरी टपटपतो.

बाळ चार महिन्यांचं, ओळखत न्हाई मला. मांडीवर घेतलं की रडतंय. इंजनानं शिटी दिली की गप्प होतंय आन् झोपतंय. इंजनाशी काय झगडायचं. मी शिटी वाजवून बघितली, दात नसल्यानं नुसती हवा गेली. बाळ तेवढं हसलं. वात असंल.

दुपारी शेजारची पिशवी बाळानं पाय मारून उलटी केली. लाखोटा हातात घावला. सरळ तोंडात. हळदीचा कोपरा चोखून चोखून पिवळं तोंड केलं, जसं काही पाचवीला देवीनं लावलं. मला एवढं हसू आलं की कंबर विसरले. पोपटनं काढून घेतला. म्हणाला, हाच का तो, अजून बंद? फोडू का? सगळं तळेगाव म्हणतंय तुझाच कमी होता. बघू तरी, किती कमी होता ते.

मी हातातनं घेतला. म्हणाले, न्हाई. बाराचा टोला होऊन गेलाय. आता कुणालाच फोडायचा हक्क न्हाई. आप्पांनाबी न्हाई.

परत बाळाच्या हातात दिला. चोखू दे. इमामबीला उद्या कार्ड टाकते, वांगीबी तोडून ने, भाव तू म्हणशील तो. लाखोटा फोडला तर आत आकडा निघंल. न फोडला तर मीच सगळ्यांत स्वस्त.